दहाव्या माणसाचं स्वप्न

जोएल पेणकरच्या आवडत्या सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं, तर तो जिथे असेल तिथून येईल आणि तुम्हाला तो सिनेमा समजावून सांगू लागेल. आमच्या इमारतीतल्या लोकांनीही ते नाव घेणं सोडलंय. 'तो सिनेमा' म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि जिन्यात पावलं वाजली की विषय लगेच टोमॅटोच्या भावावर जातो.

जोएल हा माझा शेजारी. पन्नाशीला आलेला, उंच, किंचित वाकलेला. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात माल तपासायला असतो. पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावायचा आणि तो कसा वाळतो ते बघत बसायचं, हे त्याचं काम. ज्या माणसाला रंग वाळताना बघण्याचा पगार मिळतो, त्याला कुठलाही सिनेमा वेगवान वाटणार, हे मी समजू शकतो. पण हाच का, हे मला अजून समजलेलं नाही.

सिनेमा इंग्रजी आहे. त्यात एक हॉटेल आहे आणि हॉटेलात एक रखवालदार आहे. त्याने कुठलीही खोली उघडली की तो त्या खोलीत झोपलेल्या पाहुण्याच्या स्वप्नात शिरतो. तिथेही हॉटेलच असतं. इतके पैसे खर्च करून स्वप्नं दाखवायची आणि स्वप्नातही हॉटेलच दाखवायचं, हा कंजूषपणा मला पहिल्याच वेळी खटकला होता. मग एक खून होतो. तो नक्की कोणाच्या स्वप्नात झाला याचा शोध चालू असताना खून झालेला माणूस जिना उतरून खाली येतो आणि नाश्त्याला बसतो. आपण जागे आहोत की स्वप्नात, हे ओळखायची रखवालदाराकडे एकच खूण असते. स्वप्नात चहा गार होत नाही. शेवटच्या दृश्यात टेबलावर कप असतो, रखवालदार कपाकडे बोट नेतो आणि पडदा काळा होतो. संपला सिनेमा. आपण उठून दिवे लावायचे आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं.

हे बघून सामान्य माणूस म्हणतो, "बरं." जोएल म्हणाला, "पुन्हा बघू." ते तो अजून म्हणतोय.

तेव्हापासून जोएल चहा गरम पीत नाही. कप समोर आला की तो वाट बघतो, मग बोट लावतो. चहा गार झाला असेल तर समाधानाने मान हलवतो, म्हणजे आपण जागे आहोत. दुसऱ्यांच्या घरीसुद्धा हेच. एसटी स्टँडजवळ चांगोची चहाची टपरी आहे. तिथे तो सकाळी कप पुढ्यात ठेवून उभा राहतो, आणि मागचे लोक खोळंबतात. एकदा चांगोने विचारलंच.

"सायब, चहात माशी हाय का?"

"नाही रे. मी बघतोय, आपण खरे आहोत का."

"आमी खरं हाव. कप मोकला करा, मागं गिऱ्हाईक हाय, तो पन खराच हाय."

जोएल हसला. ते हसू मला चांगलंच ओळखीचं आहे. समोरच्याची अक्कल मोजून झाल्यावर शिक्षक हसतात तसं. पनवेलमध्ये हा सिनेमा आपल्याशिवाय कोणालाच समजलेला नाही अशी त्याची खात्री आहे, आणि या एका बाबतीत तो बरोबर आहे. आम्ही प्रयत्नच केलेला नाही. एकदा सगळी इमारत कर्नाळ्याला सहलीला गेली होती. पक्षी बघायला म्हणून गेलो आणि जोएलने झाडाखाली बसून रखवालदाराचा जिना समजावला. त्या दिवशी अभयारण्यात आम्हाला एक कावळा दिसला, तोही जाताना.

त्याची बायको जेरुशा शाळेत गणित शिकवते. त्यामुळे न समजणाऱ्या माणसांशी कसं वागायचं, हे तिला येतं. मुलगी नोगा कॉलेजात आहे. ती बापाची लाडकी आणि बापाची सर्वांत कडक टीकाकार.

पेणकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. एके काळी आमच्या भागात त्यांची कितीतरी घरं होती. आता बहुतेक जण इस्रायलला गेले, जोएलचा भाऊसुद्धा. राहिले ते मोजके, आणि हे 'मोजके' मी उगीच म्हणत नाही. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी मुलाने कद्दिश नावाची प्रार्थना म्हणायची असते, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष जमावे लागतात, तेही त्यांच्यातलेच. नऊ जमले आणि मुलगा ओक्साबोक्शी रडला, तरी चालत नाही. दहावा हवा.

जोएलचे वडील एलियाहू पेणकर गावभर ओळखीचे. कोणाकडेही असं काही असलं की माणसं गोळा करायचं काम त्यांचं. सायकलवरून घरोघर जायचे, कोणाला झोपेतून उठवायचे, कोणाला दाढी अर्धी असताना ओढून आणायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी जोएलला एवढंच सांगितलं, "माझ्या वेळी घरीच करा. माणसं कमी पडू देऊ नकोस. मी कोणाची पडू दिली नाहीत."

पहिल्या वर्षश्राद्धाला माणसं कमी पडली नाहीत. एलियाहूंसाठी सगळे आले. प्रार्थना झाली, कद्दिश झाला. मग मलिद्याचं ताट यायचं होतं. गोड पोहे, नारळ, फळं, सगळं आत तयार होतं. तेवढ्यात जोएल उठला आणि त्याने टीव्ही लावला.

"पप्पांनाही हा सिनेमा दाखवायचा राहून गेला," तो म्हणाला. "आपण बघू. मग मलिदा."

लोकांना वाटलं, दहा मिनिटांचं काहीतरी असेल. जोएल दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवत होता आणि थांबवला की उभा राहून बोलत होता. पोह्यांवरच्या खोबऱ्याचा वास हॉलभर पसरला होता आणि रखवालदार अजून दुसऱ्या मजल्यावर होता. सर्वांत वयस्कर इसाजी काका खुर्चीतच झोपले. जोएलने त्यांना हलवून जागं केलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काका, आता तुम्ही कोणाच्या स्वप्नात होतात?"

"तुझ्या बापाच्या!" काका ओरडले. "तो मला म्हणत होता, ऊठ आणि घरी जा!"

काका गेले. मलिदा न खाता गेले, यावरून काय ते समजा.

या वर्षी दुसरं वर्षश्राद्ध आलं आणि जोएल फोन करायला बसला. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येत होतं. एकाचा गुडघा दुखत होता. एक अलिबागला होता. एक ठाण्याला जाणार होता, पण संध्याकाळी भाजी मंडईत जोएलसमोरच मुळ्याची जुडी निवडताना सापडला आणि जुडी तोंडापुढे धरून निघून गेला.

जोएल माझ्याकडे येऊन बसला. मी चहा दिला. त्याने बोटसुद्धा लावलं नाही, तेव्हा मी घाबरलो.

"लोक पप्पांना विसरले," तो म्हणाला. "दोन वर्षांत विसरले. ज्या माणसाने प्रत्येकाच्या घरी दहा जण जमवून दिले, त्याच्यासाठी दहा जमत नाहीत."

मी काही बोलायच्या आत दारातून जेरुशाचा आवाज आला. "पप्पांना कोणी विसरलेलं नाही, जोएल. तुलासुद्धा कोणी विसरलेलं नाही. अडचण तीच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना वाटतं, तू पुन्हा टीव्ही लावशील."

जोएल थक्क झाला. माणसं सिनेमाला कंटाळू शकतात ही कल्पना त्याच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. हॉटेलातली प्रत्येक खोली त्याने उघडून बघितली होती, पण आपल्याच हॉलमध्ये जांभया देणारे लोक त्याला दिसले नव्हते.

"इतक्या चांगल्या गोष्टीची लोकांना किंमत नाही," तो शेवटी म्हणाला.

"बाबा," आईच्या मागून आलेली नोगा म्हणाली, "मी सगळी प्रार्थना न बघता म्हणते, तरी मला त्या दहांत धरत नाहीत. तू सिनेमा लावतोस तरी तुला धरतात. तुझ्या त्या रखवालदाराला विचार, हे कुठल्या मजल्यावर बसतं."

मग जेरुशाने फोन हातात घेतला. ती प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती. "टीव्ही मी काढून शेजारी ठेवलाय." हे खरं होतं, तो माझ्या पलंगावर होता. गुडघा बरा झाला. अलिबाग जवळ आलं. ठाणं रद्द झालं. जोएल धरून नऊ झाले.

दहावे म्हणजे इसाजी काका. ते नेऱ्याला मुलाच्या शेतघरात राहतात. जोएल स्वतः त्यांना बोलवायला गेला, आणि मी बरोबर होतो, कारण स्कूटर माझी होती. काका अंगणात आरामखुर्चीवर बसले होते. त्यांनी जोएलला बसही म्हटलं नाही.

"काका, पप्पांसाठी या."

"एलियाहूसाठी मी चालत आलो असतो," काका म्हणाले. "पण तुझं घर मधे येतं."

"टीव्ही काढलाय."

"टीव्ही काढलास. तोंड?"

काका आरामखुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "येतो. एक अट आहे. मला परवा एक स्वप्न पडलं. प्रार्थनेआधी मी ते सांगणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू समोर बसून ऐकायचं. मधे बोललास, त्याचा अर्थ सांगितलास, तर मी उठून जाणार. मग तुझे नऊच्या नऊ."

दिवस मावळल्यावर सगळे जमले. मी दाराबाहेर पायरीवर बसलो होतो. मी त्या दहांत चालत नाही, पण दार उघडं ठेवलं होतं. काका मधल्या खुर्चीवर बसले, घसा साफ केला, पाणी मागवलं, ते पिऊन झाल्यावर ग्लास कुठे ठेवायचा याचा विचार केला आणि मग सुरुवात केली.

"मी विजेचं बिल भरायला रांगेत उभा होतो."

लोक वाट बघू लागले.

"रांग लांब होती. माझ्या पुढे एक माणूस होता, टोपीवाला. त्याच्या पुढे अजून एक होता, त्याला टोपी नव्हती." काका थांबले. "नाही, त्यालाही होती."

दुसऱ्यांच्या स्वप्नाइतकी निकामी गोष्ट जगात नाही. ज्याला पडतं त्याला ते सोडवत नाही आणि ऐकणाऱ्याला सुटका नसते. काकांनी ती रांग पावला-पावलाने पुढे नेली. मधे त्यांना चप्पल सापडेना, मग सापडली. खिडकीतल्या बाईने सुट्टे मागितले, तेव्हा काकांच्या खिशात पैशांऐवजी सुके बोंबील निघाले. इथे जोएलचा खालचा ओठ थरथरला. बोंबील! अर्थाने नुसते ठासून भरलेले बोंबील! त्याच्या मानेची शीर मला पायरीवरून दिसत होती. एकाची रात्रपाळी होती, तो घड्याळाकडे आणि जोएलकडे आळीपाळीने बघत होता. सगळे जोएलकडेच बघत होते. त्याने एक शब्द उच्चारला असता, तर एलियाहू पेणकरांच्या नावाने कद्दिश झाला नसता. आणि जोएल एक शब्द न उच्चारता बसू शकतो, हे आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेलं नव्हतं.

"मग खिडकी बंद झाली," काका म्हणाले.

सगळे पुढे झुकले.

"मग मला जाग आली."

जोएलने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, जणू हातांनीसुद्धा काही बोलायला नको. डोळे काकांवर होते. तोंड बंद होतं. काका त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले, अगदी गरजेपेक्षा जास्त.

"आता कळलं, गेल्या वर्षी मला काय झालं ते?" त्यांनी विचारलं.

जोएलने मान हलवली.

"चल तर. तुझा बाप खोळंबलाय."

दहा जण उभे राहिले. जोएलने टोपी सारखी केली आणि मराठी अक्षरांत छापलेलं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. त्याने कद्दिशला सुरुवात केली. बाकीचे मधे मधे 'आमेन' म्हणत होते. त्या शब्दांची भाषा मला येत नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी जोएल पेणकरला असं काहीतरी बोलताना ऐकत होतो, ज्याचा अर्थ तो कोणालाही समजावून सांगत नव्हता. नोगा माझ्या शेजारी उभी राहून त्याच्याबरोबर हळू आवाजात म्हणत होती. एकाही ठिकाणी चुकली नाही. तो दोनदा अडखळला.

मग मलिदा आला, लगेच आला. इसाजी काकांनी दोन वेळा पोहे घेतले, एकदा या वर्षीचे आणि एकदा गेल्या वर्षीचे. मलाही आत बोलावलं.

शेवटी चहा आला. जेरुशाने जोएलच्या हातात कप दिला आणि खोलीतलं बोलणं थांबलं. वाफा निघत होत्या. सगळे त्याच्या बोटाकडे बघत होते. रात्रपाळीवाल्याने तर हातातली पिशवी पुन्हा खाली ठेवली.

जोएलने कपाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि तो उकळता चहा एका घोटात पिऊन टाकला. जागे असल्याचा एकुलता एक पुरावा त्याने स्वतःच गिळला. डोळ्यांत पाणी आलं, तोंड लाल झालं, कप बशीवर आपटला.

"पुढच्या वर्षी," इसाजी काका चप्पल शोधत म्हणाले, "मी दुसरं स्वप्न सांगेन. हे जरा छोटं होतं."

एरवी यावर जोएलचं उत्तर पाऊण तासाचं असतं. त्याने वाकून काकांची चप्पल त्यांच्या पायापुढे सरळ करून ठेवली आणि नुसती मान हलवली.

जीभ भाजली होती म्हणून, असं तो सांगतो.