शंभर टक्के निकालाची शाळा

नोकरीत पुष्कळ गुन्हे उकलले. त्यातल्या बऱ्याच आरोपींचे चेहरेही आता आठवत नाहीत. पण ज्या तपासाच्या शेवटी मुख्य माणसावर लावायला मला कलमच सापडले नाही, तो तपास अजून डोळ्यांपुढे आहे. मुली आता मोठ्या झाल्या आहेत, म्हणून नावे सांगत नाही.

त्या वेळी मी सुरतबाहेर, सचिन या कारखान्यांच्या गावापुढच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. हद्दीत अर्धा ऊस, अर्धे कारखाने. एका दुपारी गावातल्या किराणा दुकानदाराचा फोन आला. साड्यांना खडे चिकटवायच्या एका गाळ्यात शाळकरी वयाच्या मुली रोज येतात, सकाळी आत जातात ते संध्याकाळीच बाहेर पडतात, असे तो म्हणाला. "कोणीतरी आणून बसवत असणार, साहेब. माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

स्टेशन डायरीत नोंद केली, पंच आणि महिला कॉन्स्टेबल बरोबर घेतली आणि गाळ्यावर गेलो. आत डिंकाच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत होते. साड्या पसरून बसलेल्या बायकांमध्ये पाच मुली होत्या. वय विचारले. पाचही जणींनी "अठरा" सांगितले. स्वतःचे वय सांगणारा माणूस समोरच्याकडे पाहतो, शिकवलेले वय सांगणारा मालकाकडे. पाचही जणींनी मालकाकडे पाहिले.

मालकावर गुन्हा दाखल झाला. मुलींना बालकल्याण समितीपुढे हजर केले, समितीने त्यांना पालकांच्या ताब्यात दिले. कागदोपत्री काम संपले होते. पण एक गोष्ट मला खटकत होती. पाचही जणी गावातल्या एकाच हायस्कूलमधून नववीत बाहेर पडलेल्या होत्या. शाळेजवळ कोणी दलाल फिरत असणार, असा माझा अंदाज. साध्या वेशात दोन माणसे फाटकासमोर बसवली. आठवडा गेला तरी कोणी फिरकले नाही. मालकाला खोदून खोदून विचारले. त्याचे एकच उत्तर, "मी कोणाला आणलं नाही, साहेब. त्यांच्या आयाच घेऊन आल्या."

माझा विश्वास बसला नाही. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मुलींच्या घरी जायचे ठरवले, गणवेश न घालता. चाळीत खानदेशातली कुटुंबे होती, एक-दोन मराठवाड्याची. पहिल्या दोन घरांनी आम्हाला पाहताच दार लावून घेतले. तिसऱ्या दारातली बाई उभी राहिली. माझे मराठी ऐकून तिने विचारले, "कोनतं गाव शे तुमनं?"

"शिरपूरकडलं, माय. बाप सुरतना लिंबायतमा कापडना लूमवर व्हता."

तिने चटई टाकली. दलालाबद्दल विचारल्यावर तिने मान हलवली. "कोनी नही लई गे, सायेब. शाळाना हेडमास्तरनी माले बलाडं. म्हने, पोरगीनं डोकं अभ्यासमा चालत नही, तिले हातनं काम शिकाडा. दाखला काढी ल्या. मंग एकली पोर घरमा कशी ठेवू? मी कामले जास ते तिलेबी लई जास."

शेजारची परभणीकडची बाई दारातून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "मलाबी तेच म्हणले. पोरीचं डोकं अभ्यासात चालत नाही, तिला हाताचं काम शिकवा."

दोन तोंडांतून एकच वाक्य जसेच्या तसे आले, की ते वाक्य तिसऱ्या कोणाचे तरी असते. उरलेल्या घरांतूनही तेच ऐकले. मी ज्या दलालाला शोधत होतो, तो मुळात नव्हताच.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. तीन-चार खोल्यांचे गुजराती माध्यमाचे हायस्कूल. मुख्याध्यापक पन्नाशीचे, इस्त्रीच्या शर्टातले. बोलणे गुजरातीत झाले. त्यांनी अभिमानाने दहावीचा निकाल सांगितला, शंभर टक्के. मी पाच मुलींची नावे एकेक करून घेतली. पाचव्या नावाला त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, गावातल्या शेतकऱ्यांची मुलं शहरात शिकायला जातात," ते म्हणाले. "माझ्याकडे उरतात शेतमजुरांची आणि या बाहेरून आलेल्यांची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, पेपर गुजरातीत. निकाल घसरला की अनुदान अडेल, शाळा बंद होईल. मी शाळा वाचवत होतो."

"कोणासाठी?" मी विचारले.

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा घातला. मग म्हणाले, "माझ्यावर कोणतं कलम लावणार?"

"कलम नाही. शिक्षणाधिकाऱ्यांना अहवाल जाईल. बाकी तुम्ही ठरवा."

त्या माणसाने जे ठरवले, त्यासाठी मी आजही त्यांना मानतो. त्याच संध्याकाळी ते एकटे चाळीत गेले. चटई टाकणाऱ्या त्या माउलीने मला नंतर सांगितले, की दारात उभे राहून ते म्हणाले, "बेन, माझी चूक झाली. मुलीला परत पाठवा." पाचही जणी परतल्या. शाळा भरायच्या आधी ते स्वतः त्यांना गुजराती वाचायला बसवत. त्या दहावीला बसल्या त्या वर्षी तिघी पास झाल्या, दोघी गणितात राहिल्या. ते सांगायला त्यांनी मला फोन केला. दोघींचे पुरवणी परीक्षेचे अर्ज भरून ते नुकतेच परतले होते. मी त्यांचे मनापासून अभिनंदन केले. अनुदानासाठी काही दिवस ओढाताणीचे गेले, पण शाळा चालू राहिली.

या तपासाने मला एक सवय लावली. कोणत्याही शाळेत कार्यक्रमाला बोलावले, की समोर बसलेली मुले पाहून झाल्यावर मी शिक्षकांना विचारतो, गेल्या वर्षी वर्गात होते आणि आज नाहीत, असे कोण? बहुतेक वेळा आधी जुना हजेरीपट मागवला जातो.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी ती माउली लेकीला घेऊन ठाण्यात आली. लेक कॉलेजात जात होती. आई म्हणाली, "सायेब, तुमना मोठा उपकार."

मी तिला खरे तेच सांगितले. मालकाला अटक झालीच होती; दलाल सापडला नाही असे लिहून मी फाइल बंद केली असती. पोलीस दारात उभा असताना, दोन घरांची दारे लागलेली पाहूनही, तिने चटई टाकली म्हणून पुढचे सगळे घडले. "उपकार तुमचे, माय," मी म्हणालो, आणि माझ्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.