नानांच्या गाडीचं स्टिअरिंग

वडील जनावरांचे डॉक्टर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पिंपळनेरच्या सरकारी दवाखान्यातून ते निवृत्त झाले, आम्ही धुळ्याला देवपुरात राहायला आलो आणि त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली. जन्मभर मोटारसायकलवर खेडोपाडी हिंडलेल्या माणसाची ती एकच हौस. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी नानांकडून गाडी शिकत होते.

त्या हिवाळ्यात स्टिअरिंग वाजायला लागलं. सरळ रस्त्यावर काही नाही, पण वळण आलं की लांबलचक 'कुईं'. पांझरेचा पूल ओलांडून आमच्या गल्लीकडे वळताना सायकलवाले मान वळवून बघायचे.

"नाना, स्टिअरिंग वाजतंय."

"कुठे वाजतंय? जुनी गाडी आहे, थोडंफार चालायचंच."

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अहो, खरंच वाजतंय." पण या वेळी ती हळू बोलली. नानांनी गिअर बदलला.

शेवटी माझ्या आग्रहाखातर ते गाडी गॅरेजला घेऊन गेले. मीही सोबत होते. मेकॅनिक गाडीखाली शिरला, चाकांजवळच्या सांध्यांना तेल दिलं आणि हात पुसत अहिराणीत म्हणाला, "नाना, आते बठ्ठं बराबर शे." आता सगळं ठीक आहे म्हणे.

आम्ही निघालो. फाटकातून बाहेर पडताना नानांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि ते पहिल्यापेक्षा जोरात किंचाळलं. मी नानांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

"बघ, गेला की नाही आवाज?"

"हो," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत एकेक गोष्ट आठवत गेली. रेडिओचा आवाज वाढला होता. आई त्यांच्याशी आवाज चढवून बोलायला लागली होती. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी नानांची तक्रार असायची. संध्याकाळी पेन्शनर मंडळींत बसणं त्यांनी सोडलं होतं. विहारात रविवारच्या वंदनेला ते इतरांच्या अर्धी ओळ मागे पडायचे. आईला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मला वर्षभर माहीत आहे. पण त्यांना सांगायचं कसं?"

रविवारी सकाळी नाना गाडी पुसत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "नाना, आवाज गेलेला नाही."

"मग परवा हो का म्हणालीस?"

"तुम्हाला ऐकू आला नाही म्हणून."

ते मग फडकं बॉनेटवर टाकून घरात निघून गेले. आता दिवसभर ते बोलणार नाहीत, असं मला वाटलं. पण थोड्या वेळानं ते पान्यांची पिशवी आणि ग्रीसचा डबा घेऊन बाहेर आले.

"तू शेजारी बस. मी फिरवतो. वाजलं की हात वर कर."

त्यांनी एक तळवा स्टिअरिंगच्या दांड्यावर ठेवला. गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवायचे, तसाच. दुसऱ्या हातानं स्टिअरिंगचं चाक फिरवलं. मी हात वर केला. "इथे वरच खरखरतंय," ते म्हणाले. "त्यानं तेल दिलं खाली."

हॉर्नचं बटण काढलं. चाक पुन्हा सरळ बसावं म्हणून खिळ्यानं खूण केली. नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. नाहीतर ओढताना चाक तोंडावर येतं, म्हणाले. दोन्ही हातांनी हिसके दिले तेव्हा कुठे ते निघालं. आत दांडा ज्या बुशमध्ये फिरतो तिथलं ग्रीस वाळून काळी खपली झाली होती. रॉकेलच्या बोळ्यानं ती साफ केली, बोटानं नवं ग्रीस भरलं, चाक बसवलं.

फिरवलं. बारीकसं वाजलं. मी हात वर केला.

न कुरकुरता त्यांनी पुन्हा सगळं उघडलं. खालचं प्लास्टिकचं झाकण चाकाला घासत होतं. ते जरा खाली सरकवून स्क्रू आवळला. यावेळी माझे हात मांडीवरच राहिले.

"नाही?"

"नाही, नाना."

तरी त्यांनी आणखी दोनदा फिरवलं, दोन्ही वेळा माझ्याकडे बघत. मग हात पुसता पुसता म्हणाले, "नोकरीतच कमी व्हायला लागलं होतं. जनावराच्या पोटाला स्टेथोस्कोपची नळी लावायचो, नीट ऐकू यायचं नाही. वाटलं, नळी जुनी झाली. नवी मागवली. मग आणखी एक मागवली."

मी ग्रीसच्या डब्याचं झाकण लावलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. नानांनी न सांगता किल्ली माझ्या हातात दिली. हमरस्त्यावर मी पहिल्यांदाच गाडी चालवत होते. पारोळा मागे पडल्यावर ते म्हणाले, "आरशात बघत जा. मी वर्षभर आरशाच्याच भरवशावर चालवली."

कानामागे लावायचं यंत्र मिळालं. सुरुवातीला भांड्यांच्या आवाजानं ते वैतागायचे, पण यंत्र काढून ठेवत नव्हते. आई त्यांच्याशी पुन्हा तिच्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागली. तो आवाज इतका हलका होता, हे मीसुद्धा विसरले होते.