खारदुंगला, टॉर्च आणि बुलेटची बॅटरी

परवा माळा आवरताना आमचा तो छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही हाताला लागला... विजेवर चालायचा आणि लाईट गेली तर बॅटरीवरही. पुसायला म्हणून घेतला आणि तिथेच फतकल मारून बसले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही पनवेलला तळमजल्यावर राहायचो. दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची. दोन मित्र मोटरसायकलवरून मनालीहून लेहला आणि पुढे खारदुंगल्याच्या खिंडीकडे निघालेत... बास, एवढंच. पण त्यासाठी आमच्या हॉलमध्ये ही गर्दी!

आमच्या ह्यांची बुलेट. त्यांचा जिवलग दोस्त भालू, मोरा गावचा, त्याची राजदूत. बाकीचेही तसलेच गाडीवेडे. सगळे टीव्हीतल्या माणसांना ओरडून सल्ले द्यायचे.

"आरं, क्लच सोड! याला चालवताच येत नाय रं!" म्हणत भालू तर उठून उभाच राहायचा. जसं काही त्याला तिकडे ऐकू जाणार होतं!

मी चहाचा ट्रे घेऊन दारात. ते सगळे गाडी बघायचे आणि मी रस्ता. ते उघडे डोंगर, ती वळणं... इतकी हावरटासारखी बघायचे की चहा गार व्हायचा आणि मग बोलणी खायचे.

शेवटी मी ह्यांच्या मागेच लागले. मला न्या. लेह लगेच कुठलं जमायला, म्हणून आधी महाबळेश्वर. त्यात सासूबाईंचा होकार मिळवताना जीव मेटाकुटीला आला. "त्या फटफटीवर? एवढ्या लांब?" असं आठवडाभर चाललं होतं. पण झाल्या एकदाच्या तयार. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं.

आणि आदल्या दिवशी मालिकेचा शेवटचा भाग. गाड्या खिंडीच्या शेवटच्या चढाला लागल्या... आणि लाईट गेली!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू. ह्यांनी एक क्षण विचार केला नाही. "चल, टॉर्च धर," म्हणाले, आणि बाहेर जाऊन बुलेटची बॅटरी काढली. टॉर्च मीच धरला. मलाही ती खिंड बघायचीच होती हो!

टीव्ही लागला. ते दोघं माथ्यावर पोचले होते. एकाने हेल्मेट काढलं आणि चक्क रडायला लागला. आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणी सल्ला दिला नाही.

भालू हळूच म्हणाला, "आपुन पन जायाचा ना रं?"

मग काय, बेत सुरू झाले. कुठून निघायचं, काय बांधून घ्यायचं. टीव्ही बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नाही. पुढे बातम्या, मग कसलंसं गाणं... शेवटी चित्र आक्रसत आक्रसत ठिपका झालं आणि गेलं.

सकाळी सासूबाईंनी हातावर दही दिलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. ह्यांनी बॅटरी परत बसवून किक मारली... काही नाही. पुन्हा मारली. बॅटरी आधीच म्हातारी, ती रात्रीतच आटपली होती. इंजिन खोलून जोडणारी ही मंडळी, पण बॅटरी उतरेल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

निरोप द्यायला आलेल्या भालूने गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली, तरी सुरू होईना. लिंबू चिरडलं ते ढकलतानाच. मी हेल्मेट घालून फाटकाशी उभी. ते काढायचं मनच होईना.

नवी बॅटरी मिळेपर्यंत सुट्टी संपली. मग मला दिवस राहिले. मग बदली झाली, बुलेट विकली... आणि राहूनच गेलं.

परवा टीव्ही खाली आणला तर लेक म्हणाला, "आई, एवढं वाटतं तर विमानाने जाऊन या ना लेहला. मी तिकिटं काढतो."

गुणाचा आहे. पण त्याला कसं सांगू... मला नुसतं लेहला पोचायचं नव्हतं रे. मला ह्यांच्या मागे बसून जायचं होतं.

हे पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "टॉर्च कुणी धरला होता?"

मीच धरला होता. आणि आत्ता लाईट गेली ना, तर परत धरीन... फक्त ती बुलेट दाराशी हवी.