दोन सीटची केबिन

ज्या माणसाच्या नावावर आयुष्यात एकही चारचाकी झाली नाही, त्याने पिकअप ट्रकची केबिन केवढी असावी या प्रश्नावर घरच्यांना दोन महिने वेठीला धरावं, हे काही बरं लक्षण नव्हे. मी ते केलं. यिशुन या उपनगरातल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहून, रोज एमआरटीच्या मेट्रोने कामावर जाऊन-येऊन केलं.

झालं असं, की माझी निवृत्ती जवळ आली होती. बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, नंतर इथल्या यार्डात दुसऱ्यांच्या जहाजांची दुरुस्ती नीट होते की नाही ते बघत राहिलो. पर्थला स्थायिक झालेला माझा एक जुना जहाजी मित्र आहे. त्याच्याकडे एक कॅम्पर पडून होता, म्हणजे पिकअपच्या हौद्यावर चढवून बसवायची छोटी खोली. आत पलंग, शेगडी, बेसिन सगळं. मित्राचे गुडघे गेले होते, तो म्हणाला, फुकट घेऊन जा. त्याला साजेसा वापरलेला पिकअप मी शोधून ठेवतो, फक्त केबिन कुठली हवी तेवढं कळव. सहा महिने बायकोला घेऊन ऑस्ट्रेलिया फिर.

बायकोला घेऊन. घोडं तिथेच अडलेलं होतं. मी विचारलं तेव्हा ती कणीक मळत होती. "सहा महिने? फक्त आपण दोघं?" असं म्हणून तिने पुन्हा कणकेत लक्ष घातलं आणि शेवटी "बघू" म्हणाली. हो म्हणाली नाही. तिच्याशिवाय मला जायचं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तिला ते सांगावं, हे मात्र सुचलं नाही. इंजिनिअर माणूस, मला वाटलं, गाडीची निवड अचूक केली की होकार आपोआप येईल.

केबिन तीन प्रकारच्या असतात. सिंगलमध्ये दोन सीट आणि मागे लांबलचक हौदा. डबलमध्ये मागे आणखी एक बाक, पण त्या बाकाने हौदा खाल्लेला. आणि दोन्हींच्या मधली एक, जिच्या मागच्या जागेत माणूस बसू शकतो, पण पाय बरोबर आणलेले नसावेत. मित्राचा कॅम्पर आठ फुटी होता. तो सिंगल केबिनच्या मागे नीट बसतो आणि सगळा भार मागच्या चाकांच्या जरा पुढे येतो. डबलवर ठेवला तर शेपूट बाहेर राहते, भार चाकांच्या मागे जातो आणि गाडीचं नाक हलकं होतं. मला हे इतकं उघड दिसत होतं, की कुणी वाद घालील असं वाटलंच नव्हतं.

बायकोने वाद घातला नाही. "मागे सीट असलेली गाडी घ्या, मग बघू," एवढंच म्हणाली.

मग मी तिला पटवायला घेतलं. दिवाणखान्यात मास्किंग टेपने सिंगल केबिनचा पिकअप खऱ्या मापाचा आखला. हौदा आमच्या दिवाणखान्यात मावेना, तो स्वयंपाकघरात शिरला. पुढे जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या मांडून मी उजवीकडच्या खुर्चीत बसलो आणि तिला शेजारी बोलावलं. ती सोफ्यावर बसून भाजी निवडत होती, तिथूनच म्हणाली की तिला इथे बरं आहे. आमची मुलगी पॉलिटेक्निकमधून आली, टेप ओलांडून आत गेली आणि म्हणाली, "बाबा, युअर लॉरी ब्लॉकिंग द फ्रिज, लाह." मी तिला चाकं आणि भार यांचं नातं समजावायला लागलो तेव्हा तिने कानात इअरफोन घातले.

टेपने काम झालं नाही म्हणून मी वजनांचा तक्ता केला. जहाजावर माल भरण्याआधी करतात तसा, प्रत्येक वस्तूचं वजन आणि ती चाकांपासून किती अंतरावर आहे ते. पिण्याचं पाणी, गॅस सिलिंडर, तांदूळ, गोडा मसाला, प्रेशर कुकर. चार पानं झाली. त्यातून स्वच्छ सिद्ध होत होतं की सिंगल केबिनच हवी. मी ते अभिमानाने तिच्यापुढे ठेवलं. ती बँकेच्या ऑडिटमध्ये आहे, तक्ते वाचायचा तिला सराव आहे. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, 'क्रू, एक', आणि त्याखाली, 'सुपरन्युमररी, एक'.

इथे थोडं सांगायला हवं. जहाजावर अधिकाऱ्याला बायकोला बरोबर नेता येतं, पण तिची नोंद खलाशांत होत नाही. ती सुपरन्युमररी, म्हणजे कामाच्या माणसांखेरीजची, जादा. लग्नानंतर एकदाच ती माझ्याबरोबर चार महिने आली होती आणि याच पदावर तिने सही केली होती. ते चार महिने मी इंजिनरूममध्ये होतो आणि ती केबिनच्या गोल खिडकीत. पंचवीस वर्षांनी तक्ता करायला बसलो तर हाताने सवयीने तोच शब्द लिहिला. वर तिचं वजनही मी लग्नाच्या वेळचं धरलं होतं. ते मात्र प्रेमाने.

"मी अजून तेच का?" तिने विचारलं.

आता कुठलाही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता किंवा चुकलो म्हणाला असता. मी म्हणालो, तो तांत्रिक शब्द आहे. त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ते माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं.

मित्राचे मेसेज येत होते, गाड्या हातच्या जात होत्या. शेवटी मी ठरवलं की कागद पुरे, प्रयोग करू. शेजारच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका अंकलकडून रविवारपुरता सिंगल केबिनचा पिकअप भाड्याने घेतला. घर बदलताय का, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, बायकोला ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला न्यायचंय. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा रिकाम्या हौद्याकडे बघितलं आणि डिपॉझिट जास्त घेतलं.

बायको आली, हेच खूप होतं. कदाचित माझी दया आली असेल. ऑस्ट्रेलियातल्या दिवसभराच्या प्रवासाची तालीम मी अशा बेटावर करत होतो, जे तासाभरात संपतं. ईस्ट कोस्टला पोचलो, हॉकर सेंटरमधल्या एका टपरीवर खाल्लं, समुद्रात नांगरलेली जहाजं बघितली. तालीम पुरेशी झाली नाही असं वाटून मी परतीला गाडी उलट्या दिशेला, पार पश्चिमेला तुआसकडे घेतली. माझ्या मते सगळं उत्तम चाललं होतं. सीट ठीक, एसी ठीक, तिच्या पायांना जागा भरपूर.

तुआसच्या रिकाम्या रस्त्यावर ती म्हणाली, "सकाळपासून तुम्ही चार वाक्यं बोललात. चारही गाडीबद्दल."

मी आठवून बघितलं. गिअर जरा घट्ट आहे. आरसा छोटा आहे. पाठ दुखत नाही ना, हे तिच्याबद्दल होतं असं मला वाटलं, पण ते सीटबद्दलच होतं. चौथं वाक्य इंजिनचं तापमान नॉर्मल असल्याचं होतं.

मी म्हटलं, म्हणून तुला डबल केबिन हवी का? भांडण झालं की मागे जाऊन बसायला?

"भांडायला तरी बोलावं लागतं," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शेजारी बसून तुम्ही सहा महिने गप्प राहिलात तर मला सहन नाही होणार. मागे बसले तर निदान वाटेल, लांब आहेत म्हणून बोलत नाहीत. त्याची मला सवय आहे."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की ही येणार नाही आणि त्यात तिचं काही चूक नसेल. चार पानांच्या तक्त्यात सगळ्याचं वजन होतं, यातल्या कशाचंच नव्हतं.

मग मी बोललो. सुरुवात वाईट झाली, कारण आधी क्रम लावायला गेलो. तरी सांगितलं, की बंदरातून फोन करायचो तेव्हा काय काय सांगायचं ते खिशातल्या कागदावर लिहून न्यायचो, आणि ती हॅलो म्हणाली की कागद बाजूला ठेवून हवामान सांगायचो. रजेवर आलो की तिसऱ्या आठवड्यापासून घरात पाहुण्यासारखं वाटायचं. तिचं आणि मुलीचं सगळं इतकं नीट चाललेलं असायचं, की मध्ये बोलणं म्हणजे चालू यंत्रात हात घालण्यासारखं वाटायचं. एकदा भर समुद्रात इंजिनरूमला आग लागली होती, ती विझल्यावर मी पायऱ्यांवर बसून रडलो होतो, आणि घरी पत्रात लिहिलं होतं की जेवण बरं मिळतं. मधेच ती म्हणाली, "हे कुठल्या साली?" मी साल सांगितलं. मुलगी तेव्हा तापाने फणफणली होती, असं ती म्हणाली. तिनेही ते मला कळवलेलं नव्हतं.

आम्ही तिथे किती वेळ होतो कोण जाणे. अंकलचा फोन आला की गाडी परत द्यायची वेळ झाली. यिशुनकडे वळताना मी म्हटलं की ठरलं, मित्राला डबल केबिन कळवतो. त्याचा कॅम्पर बसणार नाही, एखादा छोटा बघू. तुला पाहिजे तिथे बस, फक्त ये.

"सिंगल घ्या," ती म्हणाली. "फारच कंटाळा आला तर मी मागे कॅम्परमध्ये जाऊन झोपेन."

मी सवयीने म्हणालो, की चालत्या गाडीत कॅम्परमध्ये बसायला तिकडे कायद्याने बंदी आहे.

"मग बोलत राहा," ती म्हणाली.