नव्या डिस्कची पूजा

आमच्या जवळा बाजार गावात पोती उचलून बापाची पाठ गेली. तेव्हापासून आमचं घर मायच्या खुरप्यावर चाललं. हळद निंदायला जाताना ती मला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसवायची. घरात वाचायला म्हणजे किराणा बांधून आलेले पेपर. तेच वाचत वाचत मी बीएस्सी झाले, आमच्या खानदानात पहिली. हे मी सगळ्यांना सांगते.

पुढं गावातच टायपिंगचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर जुनाट, कॉलेजानं भंगारात काढलेला. पण लग्नपत्रिकांचे माझे सगळे साचे त्यातच, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये ते केले तो नव्या मशीनवर उघडतच नाही. गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची कामं आली, आणि त्याची हार्डडिस्क करकर वाजायला लागली. ती मरायच्या आत सगळं दुसरीकडं उतरवायचं होतं. नाहीतर दुकान संपलं.

नांदेडहून एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क आणली, सोबत ती जुन्या मशीनला जोडायचं छोटं कार्ड. पहिल्यांदा डिस्क दिसली. साचे उतरायला लागले आणि मधेच ती गायब. मी कार्डावरची पिन सरकवली, केबल बदलली, सेटिंग उलटसुलट केली. कधी दिसायची, कधी नाही. दर खेपेला जुनी डिस्क जास्तच कण्हायची.

शेजारचे टेलरमामा पुतणीच्या पत्रिकेसाठी बसून होते. "काय ताई, बीएस्सीवालीची मशीन बिमार पडली व्हय?"

"मशीन बरी हाय मामा. नवी डिस्क नाटकं करून राहिली."

"मंग आणली काहून? जुनी बराबर होती."

डबा घेऊन आलेली माय हे ऐकत होती. म्हणली, "न्हाई चाललं तर न्हाई. खुरपं हाय घरी. मी जाते निंदायला."

तिला आता धड खाली बसताही येत नाही. मला राग आला, तो निघाला तिच्यावरच. "तू देवापुढं ठेवलीस, तव्हाच बिघडली असंल."

"काहून बिघडंल? बराबर पुजली मी. त्या सोन्याच्या पट्ट्या हायत ना, थितं लावलं हळदकुंकू. तेच तोंड तिचं."

डिस्कच्या पाठीवरचं कुंकू मी त्याच दिवशी पुसलं होतं. तोंडात बघितलं नव्हतं.

"ओलं लावलंस?"

"मंग? कोरडं टिकतं व्हय?"

बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं. सोनेरी पट्ट्यांवर हळदीचा वाळलेला थर, कार्डाच्या खाचेतही पिवळे कण. खोडरबर, स्पिरिट, दात घासायचा ब्रश, जे हाताला लागलं त्यानं घासलं. परत जोडलं. साचे उतरत होते तोवर मायनं डबा उघडला नाही.

सगळे साचे उतरले, तो प्रोग्रॅमही. जुनी डिस्क त्यानंतर पुन्हा फिरली नाही. दुकान चालू आहे, आणि माय निंदायला जात नाही.