काळूची बदली

घाटकोपरहून आरे कॉलनीला जायला मला रिक्षा करावी लागली, कारण माझ्याबरोबर कुत्रा होता. रविवारची सकाळ, अंगावर नवी साडी, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात कपडे वाळत घालायची दोरी. दोरीच्या टोकाला काळू. आमच्या गल्लीतला हा कुत्रा रात्रभर भुंकायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीच उभी राहून म्हणाले होते, "याची आरेला बदली करा. मोकळी हवा, झाडी, दूधदुभतं. कुत्र्याला आणखी काय हवं?" टाळ्या पडल्या आणि काम माझ्याच गळ्यात आलं. आपली मावसबहीण कुसुम तिथेच राहते, हेही मीच बोलून बसले होते. रोज रात्री काळूला उरलेली पोळी मीच टाकते, एवढं मात्र बोलले नाही.

"ताई, कुत्रा नाय घेणार," रिक्षावाला म्हणाला. "सीट खराब केली तर?"

"अहो, तो चांगल्या सोसायटीतला आहे."

काळू तोवर चढून बसलाही होता. साकीनाक्यापर्यंत तो तोंड बाहेर काढून ऐटीत हवा खात होता. साकीनाक्याला ओकला. सीटवर नाही, माझ्या साडीवर.

"खरंच चांगला आहे," रिक्षावाला आरशात बघत म्हणाला. "सीट वाचवली."

मरोळ मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी झाडं आली. मग शेणाचा वास आला आणि त्यामागून युनिट (म्हशींच्या गोठ्यांचा एक गट) दिसलं. म्हशींच्या पाठीवर बगळे बसून किडे टिपत होते. दुधाच्या बाटलीपलीकडे म्हशीशी माझी ओळख नाही. मी "अय्या!" करत पुढे गेले आणि ओल्या शेपटीचा एक फटका खाऊन मागे आले.

कुसुमचा नवरा तिथल्या ऑफिसात होता, त्यामुळे त्यांना राहायला क्वार्टर होतं.

"शालू, साडीला काय झालं गं? आणि हा कोण?"

"याची इथे बदली झालीय."

कुसुम पोट धरून हसली. तिने खरवस (नुकत्याच व्यायलेल्या म्हशीच्या चिकाची वडी) पुढे केला. तिसरी वडी तोंडात टाकतेय तेवढ्यात तिने माझ्या कानामागून काहीतरी उपटलं. गोचीड होती, जनावरांचं रक्त पिणारी. "तू खरवस खातेस, ती तुला खातेय," कुसुम म्हणाली. मी चौथी वडी परत ठेवली.

मग आम्ही काळूला रुजू करायला निघालो. गोठ्याच्या दारात पाचसहा कुत्री उठून उभी राहिली. आमच्या गल्लीचा हा दादा, पोस्टमनला घाम फोडणारा, शेपूट पोटाखाली घालून माझ्या साडीत शिरला. ती कुत्री भुंकत आमच्या मागे आली आणि रस्त्याखालच्या मोरीपाशी थांबली. सुटलो म्हणेपर्यंत मोरीपलीकडची टोळी उठली. त्यापुढच्या युनिटला तिसरी. काळूला कुठेच जागा नव्हती.

शेवटी टेकडीच्या पायथ्याशी एक सुरेख रान लागलं. सावली, झरा, आणि कुत्रं एकही नाही.

"बघ, मिळाली ना जागा!" असं म्हणत मी दोरी सोडलीसुद्धा.

"इथे कुत्री का नाहीत, ते तरी विचार," कुसुम म्हणाली.

"का नाहीत?"

"बिबट्या येतो ना! इथे राहिलेला कुत्रा सकाळी नसतो. आमची कुत्री अंधार पडला की गोठ्याच्या दिव्याखाली. पिल्लं ढीगभर होतात गं, पण काही गोचिडांनी जातात, काही तो नेतो. बाहेरच्याला बाकीची घुसू देत नाहीत. म्हणून आहेत तेवढीच राहतात."

"मग बिबटे नाही वाढत?"

"एकाच्या हद्दीत दुसरा टिकत नाही म्हणतात."

सगळा कारभार चोख होता. फक्त माझी अक्कल त्यात कुठे बसत नव्हती. खरं सांगते, क्षणभर वाटलं, निघून जावं. सोसायटीत कोण विचारणार होतं? काळू सुटा होता, पण हलला नव्हता. माझ्या पावलावर बूड टेकून बसला होता आणि थरथरत होता. मला एकदम रडूच आलं.

"चल रे, घरी चल," मी म्हणाले.

संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले आणि तीन कुत्री अंगावर धावून आली. शेजारच्या गल्लीतली. जागा रिकामी झाल्याची बातमी त्यांना बरोबर लागली होती. चौथं आमच्या जिन्यावर पसरलं होतं.

काळूने माझ्या हातातून दोरी हिसकली. दिवसभर माझ्या निऱ्यांत लपलेला तो कुत्रा सरळ त्या तिघांवर तुटून पडला. त्यांनी त्याला खाली लोळवलं. एकाने कान धरला, दुसऱ्याने मान. हीही जागा गेली तर याने जायचं कुठे?

पुढचं मला नीट आठवत नाही, गॅलरीत उभ्या असलेल्यांना मात्र चांगलं आठवतं. टीव्हीवरचा रविवारचा सिनेमा सोडून लोक बाहेर आले होते. मी म्हणे एक चप्पल फेकली, दुसरी हातात धरली आणि "हाड! हाड!" करत, पदर कमरेला खोचून, चारी कुत्र्यांना गटारापर्यंत पिटाळलं. गटारापलीकडे जाऊन ती वळली आणि तिथेच उभी राहिली. अलीकडे आम्ही दोघं. काळूच्या कानातून रक्त येत होतं आणि तो जीव खाऊन भुंकत होता. मीही ओरडतच होते.

"शालू, गेली ती!" आमचे हे वरून म्हणाले. "आता तू तरी भुंकायची थांब!"

मी थांबले. काळू थांबला नाही. त्या रात्री तो गटाराकाठी फेऱ्या घालत भुंकत राहिला. मी अंथरुणात पडून ऐकत होते, आणि मध्येच तो गप्प झाला की उठून खिडकीत जात होते.