नागद्वारच्या धुक्यात मारलेली हाक

नागद्वार म्हटलं की मला देवाच्या आधी धुकं आठवतं, हे आधीच सांगून टाकते. मी निघालेच होते कुरकुरत. यांना साखरेचा आजार, रोज सकाळी सुई टोचून घ्यायची, आणि भर श्रावणात पचमढीचे डोंगर चढायचे! असल्या माणसाला देव कशाला बोलावेल, असं मला वाटे. पण सौंसरहून जीप निघाली तेव्हा हे सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते.

डोंगर चढायच्या सकाळी यांनी सुई घेतली आणि खाणं मात्र पुढच्या मुक्कामावर ढकललं. गुळाची पिशवी माझ्या खांद्याला. लोखंडी शिडीपाशी गर्दी झाली, मी आधी उतरले, मागे वळून पाहते तर नुसतं धुकं. सुई घेऊन उपाशी राहिलेला माणूस कसा बघता बघता शुद्ध हरपतो, ते मी घरी पाहिलं होतं.

"अजी, ऐकता का?" वाऱ्यात विरून गेलं. या वाटेवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. बाई असो की माणूस, सगळे 'भगत'. आणि नवऱ्याचं नाव तर मी जन्मात घेतलं नव्हतं. म्हणून जीव खाऊन ओरडले, "भगत! ओ भगत!" चहूकडून उत्तरं आली, "हो भगत! चला भगत!" एका आवाजामागे गेले, तो परकाच. दुसऱ्यामागे गेले तर पायाखालचे दगड सुटून दरीत गेले. पडल्याचा आवाजही आला नाही. तिथेच मटकन बसले. महादेवा, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच बघ, म्हणत रडत सुटले.

एक म्हातारी वर चढत होती, ती थांबली. "काहून रडून राहिली व बाई?" मी कसंबसं सांगितलं.

"मंग नाव घेऊन बोलाव ना त्याले. इथं तं समदेच भगत हायेत."

"वसंता!" मी किंचाळले. शिडीजवळच्या खडकाआडून क्षीण "हाओ" आलं. हे घामाने चिंब, डोळे मिटत चाललेले. गूळ भरवत राहिले, तेव्हा हळूहळू नजर ठिकाणावर आली. वळून पाहिलं तर म्हातारी नव्हती. पुढे गेली असेल; मी त्यावर वाद घालत नाही.

नागद्वारच्या गुहेत देवापुढे पोचलो तेव्हा घरून आणलेली एकही मागणी आठवेना. तुझाच आहे, तूच सांभाळ, एवढंच म्हटलं. पण यांचा हात काही सोडवेना, म्हणून नमस्कार एकाच हाताने केला. देवाने चालवून घेतला असेल.